शून्य नंबरची वाटी

आमच्या कारखान्यात बटाटा बिनमिठाचा उकडतात. साल काढून, बोटाच्या पेराएवढे तुकडे करून, पूर्ण गार करून ते स्टीलच्या ताटात मांडायचे आणि बरोबर अकरा वाजता ताट चव घ्यायच्या खोलीत न्यायचं. तोवर सकाळच्या चहाची चव तोंडातून गेलेली असते आणि जेवणाची भूक अजून लागलेली नसते, म्हणून अकरा. ज्याला चव घ्यायची आहे त्याने त्या दिवशी वासाचा साबण वापरायचा नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, पान-सुपारी तर नाहीच नाही. हे सगळे नियम माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, घालून दिलेले. शेवटचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यात कडक तोच. दादा बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

दादा तुकडा सॉसमध्ये बुडवतो, तोंडात टाकतो, डोळे मिटतो. आम्ही चार-पाच जण आपापला तुकडा चघळत त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहतो. मग तो डोळे उघडतो आणि एकच शब्द बोलतो. ‘चालेल’ म्हणाला की खाली बाटल्या भरायचं मशीन सुरू. ‘नाही’ म्हणाला की अख्खं पातेलं मोरीत. सव्वीस वर्षं हे असंच चाललंय, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. एके काळी तो नुसत्या वासावरून सांगायचा की मिरचीच्या कुठल्या गोणीला ओल लागली आहे.

आम्ही तिखट सॉस बनवतो. चार प्रकारचे. पहिला खाल्ला की कान गरम होतात, दुसऱ्याने नाक वाहतं, तिसऱ्याने बोलणं बंद होतं आणि चौथा खाल्ला की आई आठवते. गिऱ्हाईक हौसेने घेतात, घाम पुसत शिव्या घालतात आणि परत घेतात.

पाचवा सॉस माझा. सौम्य लसूण. कारखान्यातले लोक त्याला ‘मवाळ’ म्हणतात.

मी आधी एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. एकोणीस वर्षं दुधाचे नमुने तपासले. ती डेअरी बंद पडली तेव्हा दादा म्हणाला, "घरचा कारखाना असताना बाहेर कशाला शोधतेस?" मला भरून आलं होतं. पहिल्या दिवशी त्याने मला लेबलं चिकटवायला बसवलं. एकोणीस वर्षं नाकाने आणि जिभेने काम केलेल्या बाईला लेबलं! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की गोदामातल्या सगळ्या गोण्या त्यापुढे फिक्या. पण मी बोलले नाही. वयाने तो माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, आणि मी शेहेचाळीस वर्षांची झाले तरी घरात आणि कारखान्यात अजून ‘बेबी’च आहे. बेबी म्हणून हाक मारलेल्या माणसाला भांडता येत नाही. प्रयत्न करून पाहा.

लेबलं चिकटवता चिकटवता एक गोष्ट लक्षात आली. घरात चार माणसं असली तर आमची बाटली एकच जण उघडतो, बाकीचे तीन लांबून बघतात. त्या तिघांसाठी मी सॉस करायला घेतला. जाड सालीच्या लाल मिरच्या, ज्यांत तिखटपणा जवळजवळ नसतो, त्या भाजायच्या, साली आणि बिया काढायच्या, गर वाटायचा. व्हिनेगर, मीठ, किंचित साखर. तिखट मिरची इतकीच, की शेवटी आठवण राहावी. आणि लसूण. सगळा खेळ लसणाचा.

दादासमोर पहिला नमुना ठेवला तेव्हा तो डोळे उघडून म्हणाला, "आंबट पाणी आहे." दुसऱ्या नमुन्याला म्हणाला, "पाणीच." मी लसूण वाढवला. पाणी. लसूण बदलला, गर दाट केला, व्हिनेगर कमी केलं. पाणी, पाणी, पाणी. दोन वर्षांत एकतीस नमुने झाले. बाकीच्यांना कसा लागला हे कधी कळलंच नाही, कारण दादा बोलल्यावर त्यांना वेगळं काही लागण्याची सोय नव्हती. पुढेपुढे तर ‘मवाळ’साठी बाकीचे येईनासेच झाले. मी आणि दादा, एवढेच.

यात माझं एक मोठं नुकसान झालं. माझा माझ्या जिभेवरचा विश्वास उडाला. मला तर त्या सॉसमध्ये लसूण स्वच्छ लागायचा. मग चुकतंय ते माझंच, असं मी धरून चालले. दुपारचं जेवण मी दादाच्या घरी, कारखान्याच्या मागेच, जेवते. तिथे मी भाजी केली तर वहिनीला चारदा विचारायचे, "मीठ बरोबर आहे ना गं?" ज्या बाईने नुसत्या घोटावरून कालचं दूध ओळखलं, ती मिठासाठी परवानगी मागत होती.

असं चाललेलं असताना एका दुकानांच्या साखळीतून फोन आला. तिथे खरेदी बघणाऱ्या एक बाई होत्या. म्हणाल्या, "तुमचे चारही सॉस आम्ही ठेवतो, पण रोजच्या जेवणावर घालता येईल असं कमी तिखट काही आहे का? लसणाचं वगैरे?" फोन वहिनीने घेतला होता आणि तिने दादाला विचारायच्या आत ‘आहे’ सांगून टाकलं. बाई गुरुवारी अकराला येते म्हणाल्या.

दादा दिवसभर कुणाशी धड बोलला नाही. संध्याकाळी माझ्या टेबलाशी आला.

"बेबी, हे शेवटचं. गुरुवारच्या आत मला पटला तर त्या बाईंपुढे ठेवू. नाही पटला तर विषय बंद. तू वापरतेस ते लहान पातेलं मला तिसऱ्या नंबरच्या सॉसला हवंय."

"आणि मी?"

"तू काय? लेबलांचं काम आहेच की."

तो सहज म्हणाला, म्हणूनच जास्त लागलं.

सोमवारी मी दोन नमुने तयार केले. पहिल्यात लसूण तेलात मंद आचेवर तासभर ठेवलेला, रंग न बदलू देता, पार मऊ केलेला. दुसऱ्यात लसूण सालीसकट भट्टीत भाजलेला, धुराचा वास लागलेला. शिवाय एक तिसरी वाटी माझ्यासाठी, जिच्यात लसूण मुळीच नव्हता. बाकी सगळं तेच. डेअरीतली सवय. तुलनेला एक कोरा नमुना जवळ असला की बरं असतं. वाट्यांच्या बुडाला मेणाच्या पेन्सिलने आकडे घातले. एक, दोन आणि कोऱ्या वाटीला शून्य. दोन्हींत लसूण कसा कसा केलाय, हे दादाने सकाळीच सहज विचारून घेतलं होतं.

ताट नेऊन खोलीत ठेवलं तेवढ्यात खालून बाटलीवाल्या काकांची हाक आली. झाकणं बसवायच्या मशीनमध्ये काहीतरी अडकलं होतं. मी खाली धावले, चिमट्याने एक वाकडं झाकण ओढून काढलं, हात धुतले, वर आले. दादा येऊन बसला होता. घाईत मी दोन वाट्या त्याच्यापुढे सरकवल्या आणि एक माझ्याकडे ओढली.

दादाने पहिल्या वाटीत तुकडा बुडवला. डोळे मिटले. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"लसूण यावेळी बरा उतरलाय," तो म्हणाला.

माझा कानांवर विश्वास बसेना. एकतीस वेळा पाणी, आणि आज बरा!

"पण जरा करपट वाटतो," तो पुढे म्हणाला. "कमी भाज." दुसरी वाटी चाखून त्याने नुसती होकाराची मान हलवली आणि मिरचीवाल्याचा ट्रक येणार आहे म्हणत उठून गेला.

मी आनंदात त्याची पहिली वाटी उचलली, उरलेल्या सॉसमध्ये तुकडा बुडवला आणि खाल्ला. मिरचीचा गर, व्हिनेगर, मीठ. लसूण कुठेच नाही. वाटी उलटी धरून बघितली. बुडाला शून्य होतं.

तुम्हाला वाटेल मला लगेच उजेड पडला. छे! माझ्या मनात पहिला विचार काय आला, तर माझी जीभ पूर्णच गेली. दादाला ज्यात करपट लसूण लागतो, त्यात मला काहीच लागत नाही. आकडाही मीच चुकीचा घातला असणार. दोन वर्षांत मी स्वतःला इतकं शिकवून ठेवलं होतं. ती वाटी घेऊन मी खाली काकांकडे गेले. काका कारखाना सुरू झाल्यापासून बाटल्या भरतात आणि चव घ्यायच्या खोलीत त्यांना कधी बोलावलेलं नाही.

"काका, जरा वास घ्या."

त्यांनी घेतला. मग करंगळी बुडवून चाटली. "बेबीताई, यात लसूण टाकायचा राहिलाय," ते म्हणाले आणि झाकणांच्या खोक्याकडे वळले.

मी तशीच मागच्या दाराने घरी गेले. वहिनी स्वयंपाकघरात काकडी चिरत होती. मी वाटी ओट्यावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली, हात पुसले.

"कळलं का शेवटी तुला," ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दोन वर्षांपूर्वी तो मोठा ताप नाही का आला होता त्यांना? त्यानंतर एकदा दूध करपलं. घरभर वास. मी खिडक्या उघडत होते आणि हे इथे बसून तेच दूध शांतपणे पीत होते. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम कांदा नाकाशी नेला. काही नाही. आंबट, खारट, गोड तेवढं कळतं. वास गेला तो गेलाच."

"डॉक्टर?"

"दाखवलं. येईल म्हणाले. वाट बघा म्हणाले." तिने पुन्हा सुरी उचलली. "त्यांनी मला शपथ घातली होती, बेबी. इतक्या जणांची घरं त्यांच्या एका शब्दावर चालतात. मालकालाच चव कळत नाही म्हटल्यावर कोण विचारणार आपल्याला?"

मी तिथेच पाटावर बसले. मग सगळं एकेक करून लक्षात यायला लागलं. तिखट ही काही वासाची गोष्ट नाही. तिखट ओठाला लागतं, घशाला लागतं, चुकून हात लागला तर डोळ्यालाही लागतं, आणि डोळ्याला काही चव कळत नाही. त्यामुळे पहिले चार सॉस दादाला कळत होते. किती भाजतं, कुठे भाजतं, किती वेळ टिकतं, यावर तो त्यांची परीक्षा घेत होता आणि ती परीक्षा चोख होती. ज्यात भाजणं जवळजवळ नाही आणि आहे तो सगळा लसणाचा वास, असा अख्ख्या कारखान्यात एकच सॉस होता. माझा. त्याच्यापुढे आला की दादा आंधळा. म्हणून त्याला तो नको होता.

मला दया यायला हवी होती. आली नाही. मला राग आला. त्याचा वास गेला यात त्याचा दोष नव्हता. पण माझी जीभ चांगली आहे हे त्याला माहीत होतं आणि तरी त्याने मला दोन वर्षं एकतीस वेळा खोटं पाडलं होतं. वहिनी पाठीवर हात ठेवायला आली तर मी तिचाही हात झटकला. तिनेही माझ्या भाजीतलं मीठ चारदा तपासून ‘बरोबर आहे गं’ म्हटलं होतं, आणि खरं कारण एकदाही सांगितलं नव्हतं.

बुधवारी दुपारी दादा माझ्या टेबलाशी आला. इकडचं तिकडचं बोलला. ट्रक, ओल, झाकणांचं मशीन. मग जाता जाता म्हणाला, "उद्या त्या बाईंसमोर दोन्ही नमुने ठेवायचे ना? डावीकडे मंद शिजवलेला, उजवीकडे भाजलेला. असंच ठेवणार ना तू?"

आदल्या दिवशी उत्तरं गोळा करत होता. किती दिवस असं करत आला असेल, माझ्या लक्षात कसं आलं नाही, कोण जाणे.

"हो," मी म्हणाले. "असंच ठेवेन."

गुरुवारी बाई अकराला पाच कमी असताना आल्या. पन्नाशीच्या, उंच, पायात साधे बूट, हातात एक मोठा डबा. डबा उघडून त्यांनी टेबलावर काय काय मांडलं. उकडलेली अंडी, पाव, तळलेले बटाटे, भाजलेला मासा, साधा भात, मऊ चीज.

"बटाटा आहे आमचा," दादा म्हणाला.

"असू दे ना. पण लोक नुसत्या उकडलेल्या बटाट्यावर सॉस घालून जेवत नाहीत," बाई म्हणाल्या. "कशाबरोबर खायचा हे मला दुकानात सांगावं लागतं."

आधी त्यांना नेहमीच्या चार सॉसच्या नव्या बाटल्या चाखायच्या होत्या. तिथे दादाने जे केलं ते बघण्यासारखं होतं. तिसऱ्याचा थेंब तोंडात टाकून तो म्हणाला, "हा आधी ओठावर येतो, मग दम धरतो, मग जिभेच्या कडांना. माशावर घाला, भातावर नको. भात त्याला धरून ठेवतो आणि माणसाला पळता येत नाही." बाई हसल्या, मासा खाल्ला, डोळे पुसले आणि वहीत लिहून घेतलं. मला त्याचा राग होता तरी अभिमान वाटला. तिखट त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, हे आजही खरं आहे.

मग माझ्या दोन वाट्या. मी डावीकडे शिजवलेला ठेवला, उजवीकडे भाजलेला. शब्द दिला होता तसा.

तिखट जावं म्हणून बाईंनी सगळ्यांना तोंडात थोडं दूध घोळवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "एक मिनिट हं, तुम्ही दोघं खिडकीकडे तोंड करा." आम्ही केलं. मागे वाट्या सरकल्याचा आवाज झाला, एकदा, दोनदा, कितीदा कोण जाणे. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे. आता वळा."

दादाने माझ्याकडे बघितलं. नेहमी मी त्याच्या तोंडाकडे बघायचे. आज तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

मला बघताक्षणी कळलं होतं. भाजलेल्याचा रंग करणाऱ्यालाच कळेल इतपत गडद असतो. मी भाजलेल्या वाटीकडे नुसतं बघितलं असतं तरी त्याचं काम झालं असतं. मी बघितलं नाही. बाईंच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीवर नजर ठेवली आणि तोंड बंद ठेवलं. ते मी मुद्दाम केलं, हे कबूल करते.

दादाने डावी वाटी चाखली. उजवी चाखली. डोळे मिटले. खोलीत दाराशी वहिनी येऊन उभी होती.

"अंड्याबरोबर ही डावी," तो म्हणाला. "मऊ लसूण आहे. अंड्याला सांभाळून घेईल. उजवी तळलेल्या बटाट्यावर."

डावी भाजलेल्या लसणाची होती.

बाईंनी अंड्याच्या फोडीवर डाव्या वाटीतला सॉस घातला आणि खाल्ला. चघळताना त्यांच्या कपाळावर आठी आली. दुसरी फोड घेतली. आठी तिथेच. वहीवर पेन टेकवून त्या थांबल्या. त्या काय लिहिणार होत्या हे मला दिसत होतं. लसूण अंडं मारून टाकतो, नको. तो माझा सॉस होता आणि दोन शब्दांत संपणार होता.

"नाही दादा," मी म्हणाले.

दादा अजून पुढचं बोलायचा होता. सव्वीस वर्षांत त्या खोलीत हा शब्द त्याच्याशिवाय कुणी उच्चारला नव्हता. वहिनीने पदर तोंडाशी धरला.

"डावी भाजलेली आहे. तिला धुराचा वास आहे, ती तळलेल्या बटाट्यावर जाते, माशावरही जाईल. अंड्याला उजवी. मॅडम, उजवी घालून बघा."

बाईंनी घातली. खाल्लं. मग पावावर चीज लावून त्यावर घातली, तेही खाल्लं. आठी गेली. डावी तळलेल्या बटाट्याबरोबर खाल्ली आणि आणखी दोन बटाटे उचलले. मग पेन खाली ठेवून त्यांनी आम्हा दोघांकडे बघितलं.

"मला एक सरळ सांगा. तुमच्यात मतभेद झाला, तर माल कुणाच्या शब्दावर बाहेर पडतो? उद्या बाटलीत काहीतरी वेगळं आलं तर मी कुणाला विचारू?"

दादा उत्तर देईल म्हणून मी थांबले. तो ताटातल्या बटाट्यांकडे बघत होता.

"लसणाचं तिला विचारा," तो म्हणाला. "मला लसूण कळत नाही. कशाचाच वास कळत नाही. दोन वर्षं झाली."

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

"आणि ते मघाचं तिसऱ्या नंबरचं?" बाईंनी विचारलं.

"तिखट कळतं. तिखट म्हणजे मार असतो. तो लागतोच."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर कीव नव्हती, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि मला म्हणाल्या, "दोन्ही घेते. शिजवलेला अंडी आणि चीजसाठी, भाजलेला तळलेल्या पदार्थांसाठी. बाटलीवर मागे तसं लिहा, तुमच्याच शब्दांत. तारखा मी कळवते." डबा बंद करून त्या गेल्या. वहिनी त्यांना सोडायला खाली उतरली.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी वाट्या गोळा करायला लागले. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं.

"तुला माहीत होतं," दादा म्हणाला.

"सोमवारपासून. तू बिनलसणाच्या वाटीत करपट लसूण शोधलास."

तो किंचित हसला, मग थांबला.

"दोन वर्षं मला खोटं पाडलंस दादा," मी म्हणाले. आवाज चढला तो मी चढू दिला. "मी मीठ विचारून घालते आता. मीठ! मला वाटत होतं मलाच काही कळत नाही."

"हो."

"हो काय?"

"तसं केलं मी." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दर वेळी तुझा नमुना आला की वाटायचं, आज येईल. इतका लसूण घातलाय हिने, आज तरी येईल. तोंडात टाकायचो आणि काहीच नाही. मग तुझाच राग यायचा. तिखटाचं तसं नव्हतं गं. तिखट खाल्लं की मी ठीक आहे असं वाटायचं. तुझा सॉस खाल्ला की कळायचं, नाही, ठीक नाही." तो थांबला. "चुकलं माझं, बेबी."

माफ केलं असं म्हणण्याइतका राग अजून उतरला नव्हता, आणि खोटं बोलायची त्या खोलीत आता तरी गरज नव्हती. मी वाट्या ताटात ठेवल्या. ताट उचलणार तोच त्याने कडेला हात लावून ते थांबवलं. शिजवलेल्या लसणाच्या वाटीत बटाट्याचा एक तुकडा बुडवला आणि तोंडात टाकला.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"कसा लागतो ते."

तो डोळे मिटून बसला होता. मी त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसले.

"आधी आंबट."

"ते कळतंय. पुढचं सांग."

"मग मिरचीचा गर येतो. भाजलेला, थोडा गोड. जिभेवर पसरतो." मी त्याच्या चघळण्याकडे बघून बोलत होते, त्याच्या पुढे जायचं नाही असं ठरवून. "आता लसूण. कच्चा नाही. शेजारच्या घरात कुणी लसूण तेलात टाकला आणि तो लाल व्हायच्या आत आपल्याकडे वास आला, तसा. मऊ आहे. लोण्यासारखा टाळूला लागतो आणि तिथेच राहतो."

तो अगदी हळू चघळत होता.

"संपला?"

"नाही. गिळू नकोस. थांब जरा."

आम्ही थांबलो. खाली काकांनी मशीन बंद केलं. दादाच्या गळ्यापाशी काहीतरी हललं आणि त्याने डोळे उघडले.

"आलं," तो म्हणाला. "मागे, घशाशी. जरासं गरम."

"तेच ते," मी म्हणाले. "शेवटचं तेवढं तिखट मीच ठेवलंय."

"इतकं कमी? मी कधी थांबलोच नाही त्याच्यासाठी." त्याने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. त्या सॉसने कुणाच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. मग ताट स्वतःकडे ओढून त्याने दुसरा तुकडा बुडवला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "लसणापासून."